परसात पुरलेलं बनियन

"अनू, खरं सांग. माझ्या मुलाचं बनियन तू परसात पुरलंस?"

अनसूया सुकलेला पाला वाफ्यावर पसरत होती. मागच्या दारात तिची थोरली बहीण, अक्का, कमरेवर हात ठेवून उभी होती. अक्काला खोटं सांगणं अनसूयाला जन्मात जमलं नव्हतं.

"पुरलं," ती म्हणाली. "पण जुनं होतं गं. भोकं पडलेलं."

"आणि तेही अमावस्येला!"

हे मात्र अनसूयाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कॅलेंडर बघायचं तिला सुचलंच नव्हतं. शेजारच्या चौबे भाभींनी मात्र गच्चीवरून सगळं पाहिलं होतं. श्रावण सरता सरता पाहिलेली गोष्ट त्यांनी दसऱ्यापर्यंत पोटात ठेवली, हेच नवल. आज अक्कासोबत टावर चौकातून भाजी आणताना ती त्यांच्या तोंडून बाहेर पडली: "दीदी ने कुछ गाड़ा है, ऊपर से पानी भी चढ़ाया."

"चढवलं नाही, घातलं," अनसूया कळवळून म्हणाली. "ओल राहायला हवी ना."

"आपण उज्जैनमध्ये राहतो, अनू! इथे लोक रस्त्यात पडलेलं लिंबू ओलांडत नाहीत, आणि तू बनियन पुरतेस! तेव्हापासून रुचिरचं एक स्थळ टिकेना."

"आई, त्याआधी तरी कुठे टिकत होतं?" आतून लॅपटॉपवर काम करता करता रुचिर ओरडला.

"तू गप्प बस! तुझंच बनियन आहे."

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर अनसूया नानाखेड्याला अक्काकडे राहायला आली. पुस्तकं वाचण्यात जन्म गेलेली बाई, पण बिनखताची, बिनऔषधाची भाजी आपण पिकवावी असं तिच्या मनाने घेतलं. जागा मिळाली ती परसातली, घर बांधतानाचा मलबा जिथे टाकला होता तीच. पहिल्या वर्षी पालक उगवला तो पिवळा, बोटभर. कुदळ मारली की विटांचे तुकडे निघायचे, गांडूळ म्हणून एक दिसायचं नाही. त्याच वर्षी तिने कुठेतरी वाचलं, की सुती कापड पुरून ठेवावं. माती जिवंत असेल तर ती ते खाते. तिने एक बनियन पुरलं. दोन महिन्यांनी काढलं तर अख्खंच्या अख्खं! मळलं होतं तेवढंच. धुतल्यावर त्याने खिडक्या पुसून झाल्या.

मग तिने खोदणं सोडलं आणि झाकणं सुरू केलं. कॉलनीतला पाला, वापरून झालेली झेंडूची फुलं, शेण, गूळ-बेसन घालून आंबवलेलं जीवामृत. अक्का नाक दाबून म्हणायची, "बेसनाची भजी करतात, बाई. तू मातीला खाऊ घालतेस." माती बदलली का ते बघायला यंदा श्रावणात तिने रुचिरचं हे बनियन पुरलं. पण आता वरच्या खोल्या यात्रेकरूंना द्यायच्या होत्या. त्यांच्या गाड्यांसाठी परसात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले होते. दसऱ्यापर्यंत थांब, एवढंच अनसूयाने मागून घेतलं होतं. मिस्त्री उद्या येणार होता.

"आत्ताच्या आत्ता काढ," अक्का म्हणाली. तिच्या हातात लाल कापड होतं. "राम घाटावरच्या गुरुजींशी बोलले आहे. यात बांधून क्षिप्रेत सोडायचं."

"काढते. पण ते कुजलेलं निघालं तर माती जिवंत झाली म्हणायची. मग ब्लॉक नकोत घालूस."

"आणि अख्खं निघालं तर?"

अनसूयाने खाली बघितलं. "तर उद्या घाल. मी अडवणार नाही."

बोलून तर गेली. आपण काय शेतकरी? पुस्तकातलं वाचून मातीशी खेळणारी बाई. मागच्यासारखंच निघालं तर?

रुचिर कुतूहलाने बाहेर आला. कुंपणापलीकडे चौबे भाभी स्टुलावर चढल्या. अनसूयाने खुणेची काडी उपटली, पाला बाजूला सारला. त्याखालची माती काळी, भुसभुशीत झाली होती. खुरपं नकोच, म्हणून ती हातानेच उकरू लागली. एक गांडूळ अंग आखडून आत सरकलं. मग आणखी दोन. मातीच्या कणाकणातून पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले होते. तिचा हात खोल गेला, आणखी खोल. कापड लागेना.

"नाही सापडत?" अक्काने घाबरून विचारलं. "कोणी काढून नेलं की काय!"

अनसूयाने ओंजळीने माती अलगद बाजूला केली आणि थबकली.

बनियन तिथेच होतं. म्हणजे त्याची शिवण होती. नायलॉनचा दोरा गळ्याच्या गोलाला गळ्यासारखा, हातांच्या जागी हातांसारखा मातीवर रेखलेला. मधे कापड नव्हतं. मधे माती होती, आणि तिच्यात हालचाल होती. सगळ्यात वर कंपनीची पट्टी, अक्षर न् अक्षर वाचता येणारी.

चौबे भाभींनी पदर तोंडाला लावला. रुचिर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "मावशी, हे कोणी खाल्लं?"

"खाणाऱ्यांतले बरेच तर दिसतही नाहीत," अनसूया म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. वाचलेलं सगळं खरं होतं, आणि तरी वाचताना यातलं काहीच कळलं नव्हतं. एवढी चमचाभर माती, तिच्यात एवढी गर्दी, आणि आपण रोज वरून चपला घालून चालत होतो.

अक्का गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत खाली बसली. खूप वेळ तिने त्या दोऱ्याकडे पाहिलं. मग एक बोट मातीत खुपसलं आणि नाकाशी नेलं. तिला शेणाचा वास अपेक्षित असावा. तिने पुन्हा वास घेतला.

"उबदार आहे गं," ती पुटपुटली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मिस्त्री होता, उद्या किती माणसं आणू म्हणून विचारत होता.

"भैया, आगे लगा दो, गेट के पास. पीछे नहीं," अक्का म्हणाली. "पीछे काम चालू है."

पलीकडून त्याने काहीतरी विचारलं. अक्काची नजर खड्ड्यातून हलली नव्हती.

"लेबर?" ती म्हणाली. "बहुत है भैया. गिनती नहीं."