मोटार बदलावी

रजनी पांढरीपांडे यांनी यवतमाळच्या तंत्रनिकेतनात तेवीस वर्षं विजेची यंत्रं शिकवली आणि मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत सरकारनं एक योजना आणली होती. छोट्या उद्योगांनी वीज वाचवण्याचा सल्ला घ्यावा, सल्लागाराच्या फीचा मोठा वाटा सरकार देईल. सल्लागारांच्या यादीत रजनीबाईंचं नाव लागलं आणि त्यांच्या वाट्याला दारव्हा हे गाव आलं. अकरा उद्योग होते. दोन जिनिंग, तेलाची घाणी, दालमिल, बाकी गिरण्या.

पहिल्याच दिवशी त्या अमरसिंग राठोडच्या जिनिंगमध्ये गेल्या. कापसातून सरकी काढणारे सहा रेचे, बाहेर कापूस भरलेल्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग. रजनीबाईंनी मोठ्या मोटारीचा पट्टा उतरवायला लावला आणि ती रिकामी फिरवून मीटर लावलं.

"रिकामी फिरतानाच ही नव्या मोटारीच्या दुप्पट वीज खातेय," त्या म्हणाल्या.

"पन चालते तं मस्त!"

"चालते. पण कामाला लागायच्या आधीच तिचं अर्धं जेवण झालेलं असतं. कितीदा जळली?"

"तीनदा. तिन्ही वेळी बशीरभाईनं बांधून देल्ली. दारव्ह्यात दुसरं हाय कोन?"

घाणीवर तेच, दालमिलमध्ये तेच. प्रत्येक मोटारीवर, जळलेली तार काढून नवी गुंडाळणाऱ्या बशीर मिस्त्रीचा हात फिरलेला. रजनीबाई फॉर्ममध्ये एकच ओळ लिहीत गेल्या : मोटार बदलावी.

अमरसिंगनं तो कागद वाचला. "मॅडम, सल्ल्याले सरकार पैसे देते. मोटारीले देते काय?"

"नाही."

"मंग औंदा तं जमत नाही. कापूस कुठी हाय तेवढा?" तो म्हणाला आणि बंड्यांकडे गेला.

पण गोष्ट बाजारात पसरायला वेळ लागला नाही. बशीरची मोटार वीज खाते, सरकारी मॅडमनं मीटर लावून दाखवलं. त्या आठवड्यात दोन गिरणीवाल्यांनी जळलेल्या मोटारी बशीरच्या दारावरून जीपमध्ये टाकून यवतमाळला नेल्या.

चौथ्या दिवशी बशीर स्वतः दालमिलवर आला. पन्नाशीचा, सडपातळ, नखांत काळं वॉर्निश बसलेलं. त्यानं सलाम केला, पण बसला नाही.

"मॅडम, सरकारनं तुमाले मायं दुकान बंद कराले पाठोलं काय?"

"मी तुमचं नाव कुठंच लिहिलेलं नाही, बशीरभाई."

"नाव कायले लिवा लागते? गावात मोटार म्हनली का बशीरच. तीस वर्षं झाली. हंगामात बंड्या उभ्या असल्या तं दोन दिसांत मोटार बांधून देतो मी. तुमचा कागद देते काय?"

रजनीबाईंचे आकडे खरे होते, आणि हा माणूस म्हणत होता तेही खोटं नव्हतं. "तुम्ही मोटार कशी बांधता, ते मला बघायचंय," त्या म्हणाल्या. बशीरला वाटलं, ही आणखी पुरावे गोळा करणार. तरीही तो म्हणाला, "या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात गेल्या. बशीरची बायको आयशाबी लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळत होती. वेढे मोजत असल्यामुळे तिनं नुसती मान हलवली. मागच्या अंगणात बशीरनं एका जळलेल्या मोटारीची बॉडी लाकडांवर ठेवली, रॉकेल शिंपडलं आणि काडी ओढणार तोच रजनीबाई म्हणाल्या, "थांबा. हे कशासाठी?"

"जुनी तार चिकटली असते ना. वॉर्निश जाळलं का भसकन निंगते. नाहीतं दिवसभर छिन्नी मारा लागते."

रजनीबाईंनी बॉडी बाजूला घेऊन रॉकेल नीट पुसायला लावलं. तिच्या लोखंडी गाभ्याभोवती जाड केबलचे वेढे घातले, वीज सोडली आणि मीटरचा आकडा लिहून ठेवला. "आता जाळा."

तासाभरानं बॉडी निवली. बशीरनं जुनी तार ओढून काढली. रजनीबाईंनी पुन्हा तेच वेढे घातले, तेवढाच वेळ वीज सोडली. आकडा बराच वर गेला होता. त्यांनी तो दाखवला नाही. वीज बंद करून म्हणाल्या, "गाभ्यावरून हात फिरवा."

बशीरनं हात फिरवला. एका जागी तो झटक्यानं मागे आला. पुन्हा हळूच लावून त्यानं ती जागा चाचपली.

"इथं भाजते."

"हा गाभा पातळ पत्र्यांचा असतो. दोन पत्र्यांमध्ये लेप असतो, म्हणून वीज एकातून दुसऱ्यात जात नाही. तुमच्या जाळात वॉर्निशबरोबर तो लेपही गेला. आता वीज पत्र्यांमध्येच फिरून वाया जाते, तीच ही उष्णता."

बशीर उकिडवा बसला. "तीस वर्षं जाळून राह्यलो मी," तो म्हणाला. "कोनी सांगतलंच नाही."

दारात उभी असलेली आयशाबी म्हणाली, "तारेचंही सांगून टाका."

"तू चूप राह्य."

"काहून चूप? अमरसिंगच्या मोटारीले मी पाह्यजे त्याच्याहून एका नंबरानं बारीक तार गुंडाळली. मले म्हनले, जाड भेटत नाही."

"भेटत नव्हतीच!" बशीर उसळला. "यवतमाळले दोनदा गेलतो. बाहेर कास्तकार बंड्या घेऊन बसले होते. त्यायले म्हनू का, कापूस वापस ने?" मग आवाज खाली आला. "बांधली मी. मनात म्हनलं, पुढच्या वर्षी बदलून देईन. राह्यलं ते."

रजनीबाईंना त्याचा राग आला नाही. वर्गात मोटार बांधायची प्रक्रिया फळ्यावर चार ओळींत संपायची. बाहेर थांबलेल्या बंड्या त्यात कुठंच नसायच्या.

पुढचा महिनाभर त्या दर आठवड्याला दारव्ह्याला येत राहिल्या. त्यांच्या सांगण्यावरून बशीरनं पत्र्याची बंद पेटी केली आणि तिला तापमापक बसवला. मोटारी तीत हळूहळू तापवायच्या, जाळायच्या नाहीत. काम दोन दिवसांऐवजी चार दिवसांचं झालं. गाभा आधी तपासायचा, मगच तार घालायची, तीही मूळ नंबरचीच. बशीर कधी कुरकुरायचा, "एवढ्यात तं गिऱ्हाईक पळून जाईन." काही गिऱ्हाइकं खरोखरच पळाली.

रजनीबाईंनी सगळे अहवाल नव्यानं लिहिले. ज्या मोटारी वाचण्यासारख्या होत्या, तिथं लिहिलं की गावातल्याच मिस्त्रीकडून नीट पद्धतीनं बांधून घ्याव्यात. योजनेच्या कार्यालयातून ते दोनदा परत आले.

"सल्ला यंत्राबद्दल द्यायचा, मॅडम. मिस्त्रीबद्दल नाही," तिथले साहेब म्हणाले. "फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही."

"दारव्ह्याच्या बहुतेक मोटारी एकाच माणसाच्या हाताखालून जातात. मग सल्ला कोणाला द्यायचा?"

साहेबांनी अहवाल परत त्यांच्याकडे सरकवले. रजनीबाईंनी रकाने ठरल्याप्रमाणे भरले आणि प्रत्येक अहवालाला एक जादा पान टाचलं. ते कोणी वाचलं का, त्यांना कधीच कळलं नाही.

अमरसिंगची मोटार मात्र वाचण्यासारखी नव्हती. बशीरनं तिचा गाभा तपासला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जिनिंगमध्ये जाऊन उभा राहिला. रजनीबाई तिथंच होत्या.

"अमरभाऊ, हे मोटार आता बांधून घेऊ नको. बदल."

"तूच म्हनतं?"

"मीच जाळली तिले. तीनदा. तारही बारीक घातली होती."

अमरसिंग शिवी देईल असं रजनीबाईंना वाटलं. पण त्यानं गड्याला चहा आणायला सांगितला आणि म्हणाला, "औंदा दोन रेचे बंद ठेवतो. हिच्यावरचा भार तेवढाच कमी होईन. पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली त्यानं नवी मोटार घेतली. यवतमाळला गेलेल्या दोघांपैकी एक गिरणीवाला बशीरकडे परत आला, दुसरा आला नाही. बशीरकडे काम पूर्वीपेक्षा कमी असतं. आयशाबी आता प्रत्येक मोटारीच्या पोटाशी पांढऱ्या रंगानं तारेचा नंबर आणि तारीख लिहिते. कोणी घाई केली तर बशीरच्या आधी तीच सांगते, "चार दिस लागतीन. घाई असन तं दुसरीकडं न्या."