रेघ

रंजितानं प्राचीला उचललं तेव्हा हॉलमधल्या निम्म्या लोकांना कळलंच नाही काय झालं ते. प्राची समोर उभी होती, आणि पापणी लवायच्या आत ती गादीवर कुशीवर पडलेली होती. पंचांनी हात बाजूला केला. छोटा गुण, पूर्ण नाही; पण गुण तो गुण. कोपऱ्यात रंजिताचे कोच दिनानाथ सर खुर्चीवरून अर्धे उठले आणि उठायचं नाही हा नियम आठवून निमूट खाली बसले.

वाशीच्या त्या हॉलमध्ये अठ्ठेचाळीस किलोखालच्या मुलींची ज्यूदोची फायनल चालली होती. जिंकेल ती राज्याच्या टीममधून नॅशनलला जाणार. गेली तीन वर्षं प्राचीच जात होती. ऐरोलीच्या सोसायटीत राहणारी, हसतमुख, पोरगी म्हणून फार चांगली. पण गादीवर एकदा कॉलर धरली की सोडायची नाही. तिन्ही वर्षं तिच्यासमोर फायनलला रंजिताच होती आणि तिन्ही वर्षं रंजिताच हरली होती. चौथ्या वर्षी आज पहिल्यांदा फळ्यावर रंजिताच्या लाल पट्ट्याखाली गुण लागला होता, आणि दीड मिनिट उरलं होतं.

त्या दीड मिनिटावर काय काय टांगलेलं होतं! पोलीसभरतीच्या खेळाडूंच्या कोट्याचा फॉर्म तिनं भरून ठेवला होता. नॅशनल खेळल्याचं सर्टिफिकेट तेवढं जोडायचं बाकी होतं. वयाची अट पंचविशीची, आणि रंजिताला पुढच्या महिन्यात पंचविसावं सरत होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मग आहेच दिघ्याची कंपनी, सहा वर्षं भरतेय ती गोळ्यांची पाकिटं आणि डोक्यावरचा घरघरणारा पंखा.

"हाजिमे," पंच म्हणाले. चला, सुरू करा.

वर, तिसऱ्या पायरीवर, पंढरी मढवी बसला होता. रंजिताचा बाप. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, वरच्या खिशात चष्म्याचं घर. इतक्या वर्षांत लेकीचा खेळ बघायला तो आज पहिल्यांदा आला होता. एरवी म्हणायचा, "कपरं धरून भांडतान ती पोरी, त्यात बघाचा काय?" पण पंढरी स्वतः साधासुधा माणूस नव्हता बरं का. ऐन उमेदीत घणसोलीच्या कबड्डी संघाचा चढाईवाला होता तो. सात जणांनी धरला तरी अंग ताणून मधल्या रेषेला बोट टेकवायचा आणि सातांना बाद करून यायचा. मुलगा नव्हता म्हणून त्यानं सगळी विद्या रंजिताच्या गळ्यात मारली. पाच वर्षांच्या पोरीला अंगणात उभी करायची, पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर रेघ मारायची, आणि मागून कंबर धरून ओढायची. "अरकलीस का मागं बघाचा नाय. रेघ. फकस्त रेघ." रोज संध्याकाळी, आई गोजरा जेवायला हाक मारेपर्यंत. पुढं शाळेत दिनानाथ सरांनी तिच्या पायांतली ती ताकद हेरली आणि तिला ज्यूदोत आणलं.

एक मिनिट. प्राचीनं उजवीकडून पाय टाकला, रंजितानं चुकवला. चाळीस सेकंद. रंजिताचं अंग आज नुसतं भिरभिरत होतं. सगळं तिला आधीच दिसत होतं, प्राचीचा खांदा हलायच्या आधी कळत होतं तो कुठं हलणार ते. असा आनंद तिला कधी झाला नव्हता. हरायची भीती वाटायची जागाच आत शिल्लक नव्हती. ऐरोलीच्या पोरी ओरडत होत्या, घणसोलीची दोन बाकं ओरडत होती, दिनानाथ सर जागेवर बसून मुठी आवळत बजावत होते, "मधे ये रंजिता, मधे खेळ, कडेला जाऊ नको."

वीस सेकंद. प्राची आता जिवावर उदार झाली. तिनं दोन्ही हातांनी कॉलर पकडली, हिसडा दिला, आणि रंजिता ढकलली जात गादीच्या कडेच्या लाल पट्टीवर आली. पकड जबर होती, पण सुटण्यासारखी होती. रंजिताला काय करायचं ते ठाऊक होतं. गुडघा वाकवायचा, खाली जायचं, आत वळायचं. शंभर वेळा केलेलं.

आणि त्याच क्षणी सगळ्या गोंगाटाला चिरत वरून आवाज आला.

"रंजे, रेघ! रेघ धर गो!"

डोक्यानं विचार केला असता तर ती हललीही नसती. पण अंगाला कुठं विचार असतो? पाच वर्षांच्या पोरीचं अंग होतं ते, बापाचं ऐकणारं. रंजितानं डावा पाय ताणला, सगळं बळ लावून, आणि लाल पट्टीपलीकडं टेकवला.

"माते!" पंचांनी खेळ थांबवला.

कबड्डीत टाळ्या पडल्या असत्या. पंढरीनं तर वाजवल्याच, उभा राहून. ज्यूदोत मात्र पकडीतून सुटायला मुद्दाम रेषेबाहेर जाणं म्हणजे पळ काढणं, आणि तेव्हाच्या नियमानं त्याचा दंड समोरच्याच्या नावावर गुण म्हणून लागायचा, रंजिताच्या त्या छोट्या गुणापेक्षा मोठा. फळा बदलला. सहा सेकंद उरले होते. ती झेपावली, प्राचीचा पाय उचललाही, पण घंटा झाली.

प्राचीनं तिला मिठी मारली. "आज तूच भारी होतीस यार," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. रंजिता वाकली, नमस्कार केला, गादीवरून नीट उतरली. मग भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि जॅकेटच्या बाहीत रडली, पाठ न हलवता.

बाहेर आली तेव्हा पंढरी दिनानाथ सरांसमोर उभा होता. "जिकली ना ती? सुटली ना मंग?" तो विचारत होता. सरांचा चेहरा लाल झाला होता. "आबा, तुम्ही ती रेघ—"

"सर, माझा पाय सरकला," रंजिता मधेच म्हणाली. "घाम होता गादीवर."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. "हो," ते म्हणाले. "घाम होता."

बापलेक बस स्टॉपवर येऊन उभे राहिले. पंढरी खेळाडू होता, अगदीच काही दुधखुळा नव्हता. बस वळणावर दिसली तेव्हा त्यानं रस्त्याकडं बघत हळूच विचारलं, "माज्या वरडन्यान त नाय ना काय झाला?"

"नाय आबा. मना तुझा आवाजच नाय आयकू आयला."

"यवऱ्या बोंबा मारल्या, न आयकू नाय आयल्या?" त्याला जरा वाईटच वाटलं. मग सुटल्यासारखं हसला. "हॉल लय मोठा हाय त्यांचा." आणि तिच्या खांद्यावरची बॅग त्यानं आपल्याकडं घेतली.

रंजिता खिडकीशी बसली. पंढरीनं सुटे पैसे काढले. घसा त्याचा पार बसला होता. घणसोलीची दोन तिकिटं त्याला कंडक्टरकडं तीनदा मागावी लागली.