चालत गेलेलं गॅरेज

नागसेननं उभं आयुष्य शहरात, धरमपेठेत, दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. पारशिवनीजवळच्या आपल्या गावी परतल्यावर त्यानं स्वतःसाठी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि घराशेजारी तिच्यापुरतं गॅरेज बांधायला काढलं. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर आणि तिन्ही बाजूंनी टिनाचे पत्रे. वेल्डर शालिकरामनं काम नेटकं केलं होतं. खांबांचे पाय तेवढे काँक्रीटमध्ये गाडायचे राहिले होते. तोवर ते विटांवर टेकवले होते.

रविवारी सकाळी नागसेन गाडी लावून बघायला गेला, तर ती आत वळेचना. विहिरीचा कठडा आडवा येत होता. पुढे-मागे करून थकला आणि खाली उतरला. शालिकराम म्हणाला, आता सगळं कापून पलीकडे कडुलिंबाजवळ पुन्हा जोडावं लागेल.

नागसेनची आई मीराबाई ओट्यावर तूर निवडत होती.

"कापता काहून गा? उचला न," ती म्हणाली.

शालिकराम हसला. नागसेनलाही ते म्हातारीचं बोलणं वाटलं. पण त्याच्या बायकोनं, सरितानं, ते मनावर घेतलं. गावातल्या बुद्धविहारात नुकतीच वंदना आटोपली होती. सरिता तिकडे गेली आणि तिथले सगळेच तिच्या मागून आले, पांढऱ्या कपड्यांतच. शेताकडे निघालेले शेजारचे चंपतरावही थांबले.

जागा मिळेल तिथे लोकांनी अँगल धरले. नागसेन आतून धरून उभा होता, समोरच्या खांबाशी सरिता. शालिकरामनं हाक दिली आणि छप्पर, भिंती, सगळं एकदम जमिनीवरून सुटलं.

टिनं थरथरली. स्क्रूसाठी पाडलेल्या भोकांतून उन्हाचे कवडसे आत येत होते. ते माणसांच्या खांद्यांवरून, केसांवरून सरकू लागले. टिनांच्या खाली बाहेरच्यांची नुसती पावलं दिसत होती, एका चालीनं पडणारी. नागसेनच्या हातात वजन जवळजवळ नव्हतंच.

"सरिता, हे चालून राहिलं वं," तो हळूच म्हणाला. तिनं मान हलवली.

विहिरीला वळसा घालून गॅरेज कडुलिंबाजवळ अलगद टेकलं. लोकांनी हात झटकले, कुणाची खाट हलवून द्यावी तसे, आणि आपापल्या कामाला लागले. चंपतराव शेताकडे गेले.

गाडी एका वळणात आत गेली. नागसेननं इंजिन बंद केलं, पण तो खाली उतरला नाही; बॉनेटवर येऊन थांबलेले उन्हाचे कवडसे बघत बसला.