स्लॅबखालची बुळबुळ

बुद्धप्रियाने लांब दांड्याची पट्टी गटाराच्या चेंबरच्या तोंडातून आत घालून स्लॅबची खालची बाजू खरवडली. वर आली तेव्हा पट्टीला पिवळट, शेंबडासारखा थर लोंबत होता. तपासणीचा कागद टेकवताच लालभडक झाला. बॅटरीतल्या ॲसिडसारखं जहाल. कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि अक्कलकोट रस्त्याकडच्या या गटारावर दोन वर्षं संशोधन करत होती.

"बिभीषणभाऊ, स्लॅबवर कुणाला उभं करू नका," ती मुकादमाला म्हणाली. "गटारातल्या वायूवर हे जंतू जगतात आणि ॲसिड करतात. त्यात दुसरं काही तगत नाही, हे मात्र चिकट थरात एकमेकांना धरून राहतात. सिमेंटचा नुसता भुगा झालाय."

"शेंबूड स्लॅब खातो व्हय?" बिभीषण हसला. चेंबर त्याला दुपारपर्यंत साफ करून हवं होतं. त्याचा धाकटा भाऊ हणमंत आत उतरायला कमरेला दोर बांधत होता.

बुद्धप्रियाने तो दोर धरला. बिभीषणने तिच्या कानशिलात अशी भडकावली की ती पहारीवर जाऊन पडली. ओठ फाटला. हणमंत मध्ये आला, तर त्याच्या पोटात गुडघा बसला.

"बघ कसा पोकळ हाय ते!" म्हणत बिभीषण स्लॅबच्या मधोमध गेला नि टाचा आपटू लागला. तिसऱ्या दणक्याला स्लॅब खचला. खालून एक हाक आली, मग काहीच नाही. सडक्या अंड्यांचा वास भपकन वर आला.

"दादा!" हणमंत धावला.

"आत विषारी वायू आहे! जाऊ नका!" तिने त्याचा शर्ट पकडला, तो टरकन फाटला. हणमंतचा एक पाय आत गेलासुद्धा. तिने पहार उचलली आणि दुसऱ्या पायाच्या नडगीवर सगळ्या ताकदीनिशी हाणली. हाड मोडलेलं तिला तळहातात कळलं. दोराला धरून तिने त्याला मागे ओढलं, तेव्हा तो तिच्या मनगटाला कडकडून चावला.

अग्निशमन दलाच्या जवानांनी मास्क लावून बिभीषणला वर काढलं. तो केव्हाच गेला होता.

दवाखान्यात हणमंतने भिंतीकडे तोंड फिरवलं. "माजा हात पुरला असता की."

"नसता पुरला."

"तुला काय म्हाईत?"

तेवढ्यात त्याची आई, मीनाबाई, आली. "थोरला गेला. ह्याचा पाय कुनी मोडला?"

बुद्धप्रिया उभी राहिली. "मी."

मीनाबाईने तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. मग तेच केस मुठीत असताना ती बुद्धप्रियाच्या खांद्यावर कोसळली.