पोलकाच्या गळ्यातली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळातली नव्हे, शाळेतली नव्हे, गाईच्या गळ्यातलीही नव्हे. मी शिकारी कुत्र्याच्या गळ्यातली घंटी आहे. तुम्हाला वाटेल, वाजत राहणे हेच घंटीचे काम. माझे काम नेमके उलटे. मी वाजत असते तेव्हा माझ्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मी थांबले की माणसे धावत येतात. म्हणूनच जन्मभर मला एकाच गोष्टीची भीती वाटत आली, ती म्हणजे माझ्या स्वतःच्या शांततेची.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका ओताऱ्याने मला घडवले. साच्यातून काढल्यावर त्याने मला कानाशी धरून हलवले, काठ थोडा घासला, पुन्हा हलवले आणि म्हणाला, "हिचा आवाज धुक्यातून जाईल." जत्रेत गुलवेन नावाच्या सुताराने मला विकत घेतले. त्याचे गाव आर्रेच्या डोंगरांत होते. डोंगर म्हणायचे इतकेच. काटेरी झुडपांचे माळ, मधूनमधून रान आणि खाली पसरलेली काळी दलदल. हिवाळ्यात तिथे असे धुके उतरते की आपलाच हात परका वाटावा.

त्या रानात बेकास नावाचा लांब चोचीचा पक्षी उतरतो. तो पाचोळ्यात बसला की पाचोळाच होतो. कुत्री त्याला वासाने शोधते, पण झडप घालत नाही आणि भुंकतही नाही. एक पाय उचलून, नाक त्याच्याकडे रोखून ती जागच्या जागी उभी राहते आणि मालक येईपर्यंत हलत नाही. झाडीत कुत्री दिसत नाही, म्हणून तिच्या गळ्यात मी. किणकिण ऐकू येते तोवर शोध चालू आहे. किणकिण थांबली की गुलवेन हळूच म्हणायचा, "उभी राहिली!" आणि माझ्या शांततेच्या दिशेने निघायचा.

घरी परतताना तो भिंतीवरचे ओले शेवाळ काढून माझ्या तोंडात कोंबायचा, म्हणजे वाटभर माझी कटकट नको. पण त्याचा एक नियम होता. ज्याने शेवाळ भरले, त्यानेच ते काढायचे.

मी सुखात होते. मग एका हिवाळ्यात त्याची लाडकी कुत्री फानेत रानात धावता धावता एकाएकी खाली गेली आणि मी थांबले. गुलवेन नेहमीसारखाच हसत, दबक्या पावलांनी आला. फानेत नेच्यांनी झाकलेल्या पाटीदगडाच्या जुन्या खाणीत पडली होती. तिची मान मोडली होती. मी तिच्या गळ्यात गप्प पडून होते आणि तो वरून म्हणत होता, "शाब्बास पोरी, शाब्बास." शांततेचे दोन अर्थ असतात हे मला त्या दिवशी कळले. माझ्यापाशी मात्र दोन्हींसाठी एकच शांतता होती.

काही वर्षांनी गुलवेनही गेला. बंदूक घरातून गेली. मागे राहिली त्याची बायको सोआझिग, मी आणि दोन कुत्री.

त्यातली पोलका ब्रेटन जातीची. अंगाने आटोपशीर, पांढऱ्या अंगावर नारिंगी ठिपके, आणि शेपटी म्हणजे जन्मतःच बोटभर खुंट. बारों फ्रेंच स्पॅनियल. पांढरा-तपकिरी, तिच्यापेक्षा चांगला उंच, झुपकेदार शेपटीचा. दोघांचे कान रेशमी. खिडकीच्या काचेवर माशी बसली की दोघेही एक पाय उचलून स्तब्ध उभे राहणार. पाहुणे विचारायचे, "भाऊ-बहीण का?" सोआझिगला राग यायचा. "तुम्ही आणि तुमचा मेहुणा दिसता का भाऊ-भाऊ?" असे ती एकाला म्हणाली होती.

मला दोघांच्या गळ्यात राहावे लागले आहे, म्हणून सांगते. पोलकाच्या गळ्यात मला श्वास घ्यायला सवड नसे. सकाळी पोटभर धावायला मिळाले तर संध्याकाळी ती शहाण्यासारखी चुलीपाशी झोपे. एक दिवस धावणे चुकले की खुर्चीचा पाय गेलाच म्हणून समजा. तिला ओरडले की ती क्षणभर टेबलाखाली रुसून बसे आणि लगेच विसरे. बारोंच्या गळ्यात मी रविवारच्या चर्चच्या घंटेसारखी संथ वाजे. त्याला फिरायला आवडायचे, पण सोआझिग दिसेल इतक्याच अंतरावर. चढ्या आवाजात एक शब्द बोलले की तो दिवसभर मनाला लावून घेई. शेवटी सोआझिगलाच त्याची समजूत काढावी लागे. पाळायला कोण चांगले, असे मला कोणी विचारले असते तर मी विचारले असते, तुमचे घर कसे आहे ते आधी सांगा.

नोव्हेंबरात, थडग्यांवर फुले वाहण्याच्या सणाला, सोआझिगचा मुलगा गिरेक बायको नोल्वेन आणि तान्ही लेना यांना घेऊन रेन शहरातून आला. सोआझिगला आता कमी ऐकू येत होते, गुडघे दुखत होते. हिवाळ्याआधी तिला आपल्याकडे न्यायचेच, असे गिरेकने ठरवले होते. शेजारचा जोबही जेवायला होता. टेबलावर कुट्टूच्या पिठाची धिरडी आणि खारे लोणी होते, पण जेवणाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

"आई, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन कुत्री नाही मावायची," गिरेक मोठ्याने म्हणाला.

"तुझी पोरगी मावते ना? ती तर या दोघांपेक्षा जास्त ओरडते."

नोल्वेनला हसू आवरेना. "एक खुशाल आणा, आई. मलाही आवडेल. पण कोणतं ते तुम्हीच ठरवा."

"दोघांतलं जे चांगलं असेल ते," गिरेक म्हणाला.

"चांगलं? बाजारात बटाटे निवडतोयस का रे?"

जोबने मिशी पुसली. "वहिनी, पोलका मला द्या. माझं रान आहे, माझे पाय अजून धड आहेत. गुलवेनची कुत्री मी उपाशी ठेवीन का?"

"तू गप रे. तुझा डोळा तिच्यावर पिल्लू होती तेव्हापासून आहे."

"आई, उद्या निघायचंय," गिरेक म्हणाला. "आज ठरव."

सोआझिगने धिरडे तसेच ताटात सारले. टेबलाखाली दोघेही तिच्या पायांवर डोकी टेकून बसले होते. तिचा चेहरा मला खालून दिसत होता. ती घाबरली होती.

जेवणानंतर लेना झोपली. पोलका घरभर फिरत होती आणि मी तिच्याबरोबर वाजत होते. लेना दोनदा दचकून रडली. गिरेक अंगणात गेला, भिंतीवरचे शेवाळ ओरबाडून त्याने माझ्या तोंडात गच्च कोंबले आणि नोल्वेनला म्हणाला, "बाबांची युक्ती!" लहानपणीची आठवण येऊन तो स्वतःवरच खूश झाला होता. निजताना काढू, असे त्याच्या मनात असावे. तेवढ्यात दूध उतू गेले, लेना पुन्हा उठली आणि मी त्याच्या डोक्यातून गेले.

दुपारी सोआझिगने बूट चढवले. "दोघांना शेवटचं एकदा माळावर नेते. तिथे बघितलं म्हणजे मला कळेल," असे नोल्वेनला सांगून ती निघाली. मी वाजत नाही हे तिला समजले नाही. माझा आवाज तिला हल्ली ऐकूच येत नसे. ती पोलकाच्या पाठीकडे बघूनच सगळे ओळखायची. मी आतून जीव तोडून ओरडत होते, पण माझा लोलक शेवाळात रुतला होता. मित्रांनो, तोंड असून बोलता न येणे म्हणजे काय, ते मी त्या दुपारी शिकले.

धुके दलदलीकडून वर आले. आधी झुडपे गेली, मग वाट गेली. सोआझिग वळली, पण वळायला उशीर झाला होता. बांधाची कड तिच्या पायाखाली सुटली आणि ती खाली काळ्या चिखलात कोसळली. काहीतरी कट्कन मोडल्याचे मी ऐकले. मला फानेत आठवली.

पोलका धावत आली, तिने सोआझिगला हुंगले आणि शिकवल्याप्रमाणे तिच्यापाशी उभी राहिली. एक पाय उचललेला, नाक रोखलेले. जे शोधायचे ते सापडले होते, आता मालक येईपर्यंत हलायचे नाही! बारों चिखलात उतरला आणि सोआझिगच्या छातीशी अंग लांबवून पडला. सापडल्यावर भुंकायचे नाही, असेच दोघांनाही शिकवले होते. अंधारून येऊ लागले. सोआझिगची हाक कुजबुजीएवढी झाली आणि मग तीही थांबली.

आणि मग दूरवर गिरेकचा आवाज आला. "आई! आई!" तिला तो ऐकू येणे शक्यच नव्हते. पोलकाचे कान उभे राहिले, पण पाय हलला नाही.

"घंटी ऐकू येत नाही," जोब म्हणत होता. "पोलका कुठेतरी उभी असणार. वहिनीही तिच्यापाशीच थांबल्या असतील."

"पण काका, थांबायला आधी वाजायला नको का? आपण निघाल्यापासून एकदाही वाजली नाही." मग गिरेकचा आवाज एकदम फाटला. "शेवाळ! काका, शेवाळ मीच भरलं होतं... काढायचं राहिलं..."

"अरे देवा," जोब म्हणाला. पुढचे मला ऐकू आले नाही, कारण त्यांच्या कंदिलाचा उजेड दुसऱ्याच बाजूला निघाला होता. तो पिवळा ठिपका धुक्यात विरत गेला. आमच्याकडे त्या बाजूला मृत्यूची गाडी फिरते म्हणतात, तिचे चाक करकरते म्हणे. मला चाक ऐकू आले नाही. मला काहीच ऐकू आले नाही आणि मी गारठून गेले.

तेवढ्यात बोटे गरम करायला सोआझिगने हात पोलकाच्या मानेखाली घातला. तिचा हात माझ्यावर थांबला. तिने मला हलवले. कानांना जे कळले नव्हते ते तिच्या बोटांना कळले, की माझ्यात थरथरच नाही.

"अगं बाई, तुझं तोंड कोणी बुजवलं?" ती पुटपुटली. "गुलवेन तर गेला." मग तिला समजले. "गिरेक. मेल्या, गिरेक!" ती हसली आणि हसता हसता रडू लागली.

पट्ट्याचे बक्कल तिला सुटेना, बोटे लाकूड झाली होती. तिने पोलकाची मान ओढली आणि दातांनी माझ्या तोंडातले शेवाळ उपटले. ते थुंकून पुन्हा उपटले. लोलक सुटला आणि माझ्यातून एक बारीक आवाज निघाला.

"जा, पोलका. गिरेककडे जा."

पोलका हलली नाही. मालकिणीपासून हलायचे नाही, एवढेच तिला ठाऊक होते.

"जा म्हणते ना! चालती हो!" जिने दोघांवर कधी हात उगारला नव्हता, तिने पोलकाच्या पाठीत धपाटा घातला. त्या आवाजाने बारों थरथर कापू लागला, पण छातीवरून उठला नाही. पोलकाने एकदा सोआझिगकडे पाहिले आणि ती सुटली.

मी जन्मात कधी वाजले नव्हते तशी वाजले. काट्यांतून, पाण्यातून, नेच्यांतून. "वाजली! काका, वाजली!" असा गिरेकचा आवाज आला. उजेड वळला. पोलकाने दोघांना लांबून एक फेरी घातली आणि आल्या वाटेने माघारी पळाली. ती सोआझिगपाशी पोहोचली, एक पाय उचलून उभी राहिली आणि मी थांबले.

मित्रांनो, त्या शांततेइतकी मी कशालाच भ्याले नाही. सोआझिगचे डोळे मिटलेले होते. गिरेक धडपडत येत होता, आणि माझ्या शांततेचा या वेळचा अर्थ कोणता, हे मलाही ठाऊक नव्हते.

तो चिखलात गुडघ्यावर बसला. "आई... आई गं..."

बारोंने डोके उचलले. त्याच्या अंगाखालून बारीक आवाज आला. "बापाची अर्धीच युक्ती शिकलास रे तू."

तिचा खुबा मोडला होता. तो कुत्रा छातीशी नसता तर थंडीनेच गेल्या असत्या, असे दवाखान्यात सांगितले. गिरेक पलंगापाशी बसून म्हणाला, "आई, दोघांनाही आणू. होईल काहीतरी."

"नको," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर पोलका वेडी होईल. तिला मी जा म्हटलं, ती गेली म्हणून मी आहे. तिला रानच हवं, जोबकडे जाऊ दे. बारोंला माझ्याशिवाय करमत नाही. तो येईल."

"पण तुला कोण जास्त आवडतं?"

"हे विचारायचं नसतं, लेका." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

पोलकाला न्यायला जोब आला, तेव्हा सोआझिगने पट्ट्यातून मला सोडवले. जोब म्हणाला, "घंटी मी नवी घेईन, वहिनी. ही तुमच्याजवळ असू द्या." पोलका मान पुढे करून उभी होती. मी पुन्हा गळ्यात येईन म्हणून ती वाट बघत होती. मी आले नाही.

आता मी रेनमध्ये, सोआझिगच्या काठीच्या मुठीला बांधलेली आहे. ती माजघरातून स्वयंपाकघरात जाते, बारों तिच्या टाचेशी चालतो आणि मी संथ वाजते. लेना मला धरून ओढते. मी जरा जास्त वेळ थांबले की गिरेक तोंडाला साबण लागलेला असला तरी धावत येतो. "आई?"

"अरे, बसलेय. बसूही नको का?"

तो हसतो आणि परत जातो, पण पुढच्या वेळी पुन्हा येतो.

मित्रांनो, कुत्रे घ्याल तेव्हा नुसते कान आणि रंग बघून घेऊ नका. त्याला काय हवे ते आधी विचारा आणि ते आपल्या घरात आहे का ते बघा. आणि एकच मागणे आहे. तुमच्या घरातही कोणीतरी रोज किणकिणत असेल, त्याची कटकटही होत असेल. त्याच्या तोंडात शेवाळ भरू नका. भरलेच तर आठवणीने काढा. आणि ते एकाएकी गप्प झाले, तर हातातले काम टाकून बघून या.

सोआझिग आत्ता खुर्चीत बसली आहे. काठी भिंतीला टेकवली आहे. मी थांबले आहे, आणि पावले येतात का ते ऐकते आहे.