भिकनकाकांची नजर

"बोलो भिकनकाका, पाणी चोख्खुं छे?" दीपकशेठनं तिसऱ्यांदा विचारलं.

भिकन काचेचा ग्लास पांढऱ्या टाइलसमोर धरून उभा होता. सकाळी हेच पाणी कपडा रंगवून शेंदरी होऊन आलं होतं. पऱ्हाट्यांच्या कोळशाच्या पिंपातून उतरल्यावर ते त्याला अगदी नितळ दिसत होतं. आणि तिथंच सगळी पंचाईत होती.

कोळशाची कल्पना लॅबमधल्या चैतालीची. कापूस वेचून झाला की भिकनच्या गावी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या बांधावर नुसत्या जाळून टाकत. त्यानं त्या टेम्पो भरून आणवल्या. आज याच पाण्यात शाळेच्या शर्टांचं पांढरं कापड धुवायचं होतं. कापडाला जरा जरी झाक चढली, तर पिंप भंगारात जाणार होतं. शेठचा यंत्रापेक्षा भिकनवर भरवसा. एकतीस वर्षं कापड रंगवायच्या या डाइंगमधली प्रत्येक शेड त्यानंच पास केली होती. उत्तरेच्या खिडकीतल्या त्याच्या स्टुलावर शेठचे वडीलही कधी बसले नव्हते.

दोन महिन्यांपूर्वी बायकोनं, सरलाबाईनं, त्याला हळदीचं दूध दिलं, तर हा म्हणाला, "आज हळद कशी नाही टाकली?" ती नुसती बघत राहिली. साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्लाय, फिका पिवळा आता दिसायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. भिकननं ते कुणालाच सांगितलं नाही. शेड बघता न येणाऱ्या माणसाला डाइंगमध्ये कोण विचारतो?

"काका, लॉट थांबलाय," चैताली हळूच म्हणाली.

'साफ' म्हटलं की सुटलो. पण पिवळा उरला असला, तर कापड जाईल, पिंप जाईल आणि बोल या पोरीला लागेल. भिकननं ग्लास टाइलसमोरून खाली घेतला.

"शेठ, माले पिवळा दिसत नाही," तो म्हणाला. घरची बोली आपोआप तोंडात आली.

"क्या?"

"पिवळा दिसत नाही. दोन महिने झाले."

शेठचा चेहरा उतरला. "तो ये दो महिने का क्रीम किसने पास किया?"

"हिच्या डोळ्यांनी. मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, ही सांगायची."

चैताली त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं ग्लास घेऊन टाइलसमोर धरला. "थोडा आहे, काका. लिंबासारखा."

शेठ पिंपाकडे वळला. मग म्हणाला, "पानी वापस डालो." आणि जाता जाता, भिकनकडे न बघता, "कालथी शेड आ छोकरी जोशे."

भिकननं खिशातल्या रुमालानं स्टूल पुसलं. शेडच्या तुकड्यांची वही, जिला तो कुणाला हात लावू देत नसे, चैतालीच्या हातात दिली.

"शेड आता तू बघणार, मग उद्या कशाला, आजच बस. तोंड उत्तरेला कर. आणि उन्हात कधी रंग पास करू नको, ऊन खोटं बोलतं."

ती बसेना. त्यानं तिला खांद्याला धरून बसवलं. त्याला फार वाईट वाटत होतं. पण छातीवरचं दोन महिन्यांचं ओझं मात्र उतरलं होतं.

मग बाह्या वर करून तो पिंपाशी गेला. पाणी परत ओतलं, खालून उतरलेलं बादलीत धरलं, ग्लास भरून खिडकीशी आणला.

"बघ गं पोरी, गेला का?"

चैतालीनं ग्लास टाइलसमोर धरला. तिचे डोळे भरून आले होते. ते पुसून तिनं पुन्हा नीट पाहिलं.

"अजून एकदा, काका."

भिकननं बादली उचलली.