विंझरला चक्कर येत नाही

ज्ञानाच्या वाटेवरचा अंधार दूर करणे हेच धनाचे परमकर्तव्य होय, असं भोरच्या एका ट्रस्टच्या पत्रकावर छापलं होतं. हे परमकर्तव्य वर्षातून एकदा, अध्यक्ष वसंतरावांची सही झाली की पार पडायचं.

संजीवनी उत्रोलीची, पुण्यात कानाच्या विकारांवर शिकलेली. भातलावणीत दिवसभर वाकलेल्या बायांना चक्कर का येते, कानातला तोल सांभाळणारा भाग बिघडतो का, हे तिला तपासायचं होतं. ट्रस्टलाही असं कुणी हात न लावलेलं, अगदी सुरुवातीचं संशोधनच हवं होतं. सगळं जुळलं, तिनं निधीसाठी अर्ज केला. फक्त पहिल्या पाहणीत विंझर गावच्या बाया एकमुखानं म्हणाल्या, "आमाला न्हाई बा चक्कर येत."

कारण सावड. आज तुझ्या खाचरात सगळ्याजणी, उद्या माझ्या. चक्कर येणारीला सावडीत घेणार कोण?

वसंतराव शहानिशा करायला जातीनं विंझरला आले. समाजमंदिरात बाया जमल्या.

"आजारच नाही, तर संशोधन कसलं?" ते मायेनं म्हणाले. "अर्ज मागं घ्या, बाळ."

"नाही घेणार," संजीवनी म्हणाली. "ह्या खोटं बोलतायत." मग सख्ख्या मावशीकडं वळली. "मावशे, गेल्या लावणीत बांधावर कोण आडवं झालं होतं?"

धोंडाबाई पदर खोचत उठली. "म्या! मंग? चोरी केली व्हय? काडा मला सावडीतनं! आन् तू गं ठकुबाई, उटताना माजा हात धरतीस, त्यो काय मायेनं?"

ठकुबाईनं कानावरचा पदर सारला. "माज्या कानात शिटी बी वाजती. ती बी लिवा."

"कुकरची आसंल."

"कुकर लेकीला दिला. शिटी हितंच हाय."

हशा पिकला आणि एकेक करत सगळ्याच कबूल झाल्या. आता काढायचं तर अख्खी सावडच काढावी लागली असती.

"करा सही," संजीवनी म्हणाली.

"आता कशी?" वसंतराव हळहळले. "घरोघरी विकार आहे हे सिद्धच झालं. आमचा निधी सुरुवातीच्या टप्प्याला."

"विकार का होतो, ते कुठं कळलंय?"

"तो पुढचा टप्पा."

"ओ सायेब," धोंडाबाई म्हणाली, "न्हाई म्हनलं तरी न्हाई, व्हय म्हनलं तरी न्हाई. चक्कर तुमालाच आलीया."

संजीवनीनं तिथंच सतरंजी अंथरली आणि मावशीला तपासायला आडवं केलं. बाया मागं रांगेत बसल्या.

निधी कापूरहोळच्या फाट्यावर ट्रस्टच्या नावाची कमान उभारायला गेला.